मदत हवी आहे: काटा नऊ आठवडे हललेला नाही, आणि आता स्वतःकडे बघवत नाही

सुईदोरा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, वय ४४. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहे. पंधरा वर्षं मशीनवर होते, आता मापं घेणं आणि तयार माल तपासणं माझ्याकडे आहे. घरी नवरा, सासूबाई, दोन मुलं. गेल्या दिवाळीनंतर फार थकवा यायला लागला म्हणून रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही पण उंबरठ्यावर आहात. गोळी नको, वजन उतरवा आणि चाला. तेव्हा वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच.

जानेवारीत इथल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होती तेव्हा सुरुवात केली. पहाटे साडेपाचला निघायचं, सिद्धेश्वर मंदिरापर्यंत चालायचं, दर्शन घेऊन परत. पाऊण तास. पहिल्या आठवड्यात मंदिराच्या पायरीवर दहा मिनिटं बसल्याशिवाय परतीची वाट धरता यायची नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन ४२-४३ वर गेलं तेव्हा पाचलाच निघायला लागले. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि नेमकं पहाटे येतं, तेवढा एक दिवस सोडला तर खंड पडू दिला नाही. रात्रीचा भात बंद केला, चहात साखर अर्धी केली, कारखान्यात चारच्या सुट्टीत भजी येतात तिकडे पाठ करून बसायला शिकले. मे संपेपर्यंत ७२.५ वर आले. खूप आनंद झाला होता.

आणि मग काटा जो थांबला तो आजपर्यंत. नऊ आठवडे. कधी ७२.२, कधी ७३.१.

त्यात गेल्या महिन्यात भाचीच्या बाळाचं बारसं झालं. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तेव्हा मोठ्या नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, सहा महिने झाले चालतीस म्हणं, पण दिसत तर काहीच नाही की!" बायका हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर ग्रुपवर बारशाचे फोटो आले, त्यात मी ताट घेऊन वाकलेय असा एक आहे. तो फोटो मोठा करून दंडाकडे, पोटाकडे किती वेळ बघत बसले ते मलाच माहीत. दुसऱ्या दिवसापासून चालायला गेले नाही. अकरा दिवस. मधले चार दिवस रात्रीचं जेवणही सोडलं, तर कारखान्यात कपड्याचे तागे मोजताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता परत चालू केलंय, पण मन लागत नाही. पूर्वी मंदिराच्या तलावाकडचा वारा लागला की बरं वाटायचं. आता चालताना सतत डोक्यात येतं की हे शरीर मला नको आहे. कपाटात एक इरकल साडी आहे, तिचा ब्लाऊज मी 'बारीक झाल्यावर' घालायचा म्हणून ठेवलाय, कपाट उघडलं की तो दिसतो आणि दार लावून घेते.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. वजन असं अडकतं तेव्हा काय करायचं? आणि दुसरं, जे मला जास्त लागतंय: शरीर बदलायचंय हे खरं, मग बदलेपर्यंत त्याच्याशी बरं कसं वागायचं? मला वाटतं, स्वतःला आहे तसं मान्य केलं की माणूस ढिला पडेल, प्रयत्न सोडेल. म्हणून मी स्वतःला बोलत राहते. पण बोलूनही प्रयत्न सुटलेच की अकरा दिवस.

कडक_भाकरी

ताई, मीही सोलापूरचाच, जुळे सोलापूर. मे महिन्याच्या त्या उन्हात तुम्ही चालत होतात, तेव्हा मी पंख्याखालून उठत नव्हतो. एवढंच सांगायला लिहिलं. जाणकार येतीलच.

निशिगंध७१

लोक बोलणारच. दुर्लक्ष करा, सकारात्मक राहा. आपण आपलं काम करत राहायचं.

सुईदोरा

निशिगंध, तुम्ही आपुलकीनं लिहिलंत. पण नणंदबाई दोन गल्ल्या सोडून राहतात, रोज येतात, सासूबाईंचं सगळं प्रेमानं करतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि करायचंही नाहीये मला.

वाटीभर_डाळ

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात काम करते. आधी एक विचारते: साखर परत तपासलीत का?

सुईदोरा

हो, जूनमध्ये. ५.८ आली. पण ते कुणाला दिसत नाही ना.

वाटीभर_डाळ

सुईदोरा, तुमचं हे वाक्य वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

६.२ वरून ५.८. ५.७ च्या खाली ते सामान्य धरतात. म्हणजे तुम्ही मधुमेहाकडे चालला होतात, त्या अजून उंबरठ्यावरच असलात तरी आता तोंड दुसऱ्या दिशेला आहे. आणि ७८ मधले साडेपाच किलो म्हणजे सात टक्के. हा सात आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या हजारो लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना ध्येय दिलं होतं ते एवढंच: वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. साधारण तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉक्टरांनीही असाच अभ्यास केला, २००६ मध्ये तो आला, त्यातही आहार-व्यायामाचा फायदा दिसला. तुम्ही जिथे 'अडकलेय' म्हणताय, ती जागा त्या अभ्यासातल्या लोकांना गाठायची होती. तुम्ही ती साडेचार महिन्यांत गाठलीत, कारखाना आणि घर सांभाळून.

आता काटा का थांबतो ते. ७८ किलोचं शरीर चालवायला जेवढी ऊर्जा लागत होती तेवढी ७२ किलोच्याला लागत नाही, बसून असतानाही नाही आणि चालतानाही नाही. त्यामुळे जे जेवण जानेवारीत कमी पडत होतं तेच आता पुरेसं होतं. यात तुमची चूक शोधायला जागाच नाही, हे सगळ्यांचं होतं. शिवाय ७२.२ ते ७३.१ हा फरक पाणी, मीठ, पाळी, पोट साफ होणं यांचा असतो. एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, तेही सकाळी, पुरे.

जेवण सोडणं मात्र ताबडतोब बंद करा. अंधारी आली ती सूचना समजा. उपाशी राहून स्नायू झिजतात आणि दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट लागते. ताटात डाळ, मटकी, अंडं चालत असेल तर अंडं, दही हे वाढवा. ज्वारीची भाकरी अजिबात सोडू नका. शेंगाचटणी सोलापूरकरांना सोडायला सांगायचं धाडस मी करणार नाही, पण ती बोटांनी न घेता चमच्यानं घ्या: दोन मोठे चमचे म्हणजे शंभरावर कॅलरी, वर तेल घेतलंत तर आणखी चाळीस-पन्नास. एक चमचा ठेवा, तेल नको.

थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. या वयात दोन्हीमुळे थकवा येतो.

तिसरा_मजला

माझं वय ५२, लातूर. मी दोन वर्षं नुसती चालत होते आणि अशीच अडकले होते. मला बदल जाणवला तो ताकदीचे व्यायाम सुरू केल्यावर. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि चालण्यानं ते फारसे भरून येत नाहीत. जिमची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, असं दहा वेळा. भिंतीला हात लावून दंड, दहा वेळा. पाण्याच्या दोन बाटल्या भरून हातात घेऊन वर-खाली. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती. दुखलं तर थांबायचं.

मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? इथला आकडा वाढत जातो. वजनाचा आकडा उतरण्याची वाट बघत बसावं लागतं, पण खुर्चीचे दहाचे बारा, बाराचे पंधरा हे आपल्या हातात असतं. मी ते कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या हिशोबाशेजारी. ज्या दिवशी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता आले, त्या दिवशी इथलं नाव बदलून हे ठेवलं.

नणंदबाईंबद्दल: त्यांना एकटं गाठून सांगा. सगळ्यांसमोर नको. "वन्सं, माझी साखर कमी झालीय, पण वजनावरून बोललं की मला चार दिवस काही सुचत नाही," एवढंच. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या वाईट नाहीत. त्यांना साखरेचं माहीत तरी आहे का?

सुईदोरा

नाही. घरात नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नाहीये. लाज वाटली.

उंबरा

ताई, मी समुपदेशनाचं काम करते. तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. त्याचं उत्तर देण्याआधी एक विचारू का? तुम्ही मापं घेता ना. एखाद्या जाड मुलीचं माप घेताना तुम्ही तिला काय म्हणता?

सुईदोरा

उंबरा, तुमचा प्रश्न वाचून एक प्रसंगच आठवला.

जूनमध्ये आम्ही एका शाळेत मापं घ्यायला गेलो होतो. आठवीतली एक मुलगी, अंगानं भरलेली. सोबत आई. मी टेप लावायच्या आधीच आई म्हणायला लागली, "बघा की हो, काही ऐकतच नाही, नुसतं खाते." पोरीनं श्वास आत ओढून पोट धरून ठेवलं होतं. मी टेप लावला आणि तिला म्हटलं, श्वास सोड बाळ, नाहीतर शाळेत बसल्यावर हुक तुटेल. तिनं सोडला. कंबर ३६ आली. मी वहीत ३६ लिहिलं, बाजूला दोन्हीकडे एकेक इंच दाब (शिवणीच्या आत ठेवतात ते जादा कापड) ठेवायची खूण केली, आणि पुढच्या मुलीला बोलावलं. बस. मापावर मी काही बोलत नाही. आमच्या कामात माप चुकीचं नसतं, कापड चुकतं. मापाला लाजून कमी लिहिलं तर कपडा अंगात शिरत नाही, मग उसवत बसायचं.

हे लिहिता लिहिता थांबले होते मघाशी. माझ्या स्वतःच्या कमरेचं माप मी जानेवारीनंतर घेतलंच नाही. इतकी वर्षं टेप गळ्यात घालून फिरतेय.

उंबरा

मग तुम्हाला माझ्याकडून फार काही नको. त्या मुलीला तुम्ही 'आहे तशी' मान्य केलंत म्हणून तिची वाढ थांबली नाही, उलट तिला शाळेत नीट बसता येईल असा कपडा मिळाला. तुम्ही विचारलंत, मान्य केलं की माणूस ढिला पडेल का. मी कामात जे बघते ते असं की माणसं चुकल्यावर स्वतःला जितकं जास्त झोडपतात तितका त्यांना परत उभं राहायला वेळ लागतो. तुमचे अकरा दिवस तसेच गेले. त्यातला खंड एका दिवसाचा होता, बाकीचे दहा दिवस बोलणी खाण्यात गेले, आणि बोलणारी तुम्हीच होतात.

पुढच्या वेळी खंड पडला की वहीत माप लिहिता तसं लिहा. 'मंगळवार, गेले नाही, पाणी आलं होतं.' बस. बुधवारी निघायचं.

आणि एक मनापासून: फोटो तासन् तास बघणं, जेवण टाकणं, आवडत्या गोष्टीत मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर डॉक्टरांशी बोला. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली मानस ही फोनवरची सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कडक_भाकरी

उंबरा यांना अनुमोदन. ताई, माप घेतलंत का मग?

सुईदोरा

घेतलं. काल रात्री, सगळे झोपल्यावर. जानेवारीत ३९ होतं, त्या वहीत लिहिलेलं सापडलं. आता साडेछत्तीस. दोनदा घेतलं, कारण माझा विश्वासच बसेना. गेल्या दोन महिन्यांत काटा हलला नाही म्हणत होते, त्यात यातलं किती झालं ते कळायला मार्ग नाही, पण अडीच इंच म्हणजे किती हे मला कुणी सांगायला नको. अडीच इंचाला आम्ही अख्खा साईज बदलतो.

सुईदोरा

तीन आठवड्यांनी लिहितेय. काही जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

वजन ७२.१. म्हणजे तसं तिथेच. हिमोग्लोबिन कमी निघालं, ९.८, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. थायरॉईड ठीक आहे. श्रावणाचे सोमवार पूर्वी साबुदाण्यावर काढायचे, यंदा भगर आणि दही घेतलं आणि रात्री उपास सोडताना डाळ जास्त घेतली. खुर्चीवरून उठण्याचं सातवरून तेरावर आलंय. दुपारच्या सुट्टीत कारखान्यातल्या तिघी माझ्याबरोबर करायला लागल्यात, कटिंगच्या टेबलाला हात लावून दंडसुद्धा. मन रोज चांगलं असतं असं नाही, परवा एक पूर्ण दिवस वाईट गेला. पण चालायला गेले होते.

नणंदबाईंना सांगितलं. ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं तू हौसेनं चालतीस. साखरेचं आधी सांगायचं की गं." त्यांची स्वतःची साखर त्यांनी कधीच तपासलेली नव्हती. मागच्या शनिवारी मीच घेऊन गेले. रिपोर्ट काय आला ते त्यांचं आहे, इथे लिहीत नाही. पण आता पहाटे दारात उभ्या असतात, माझ्याआधी. गुडघ्यामुळे त्या सावकाश चालतात, म्हणून माझा वेग कमी झालाय. आधी चिडचिड झाली, मग ठरवलं की त्यांना घरी सोडायचं आणि शेवटची पंधरा मिनिटं एकटीनं भरभर चालायचं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग ठेवते.

आणि तो इरकलीचा ब्लाऊज. रविवारी काढला, बाजूची शिवण उसवली. शिवताना मीच आत दीड इंच दाब ठेवला होता, विसरले होते. तो सोडला, परत टीप मारली, इस्त्री केली. जुन्या शिवणीची रेघ कापडावर पुसट दिसते, पदराखाली जाते ती. गौरी-गणपतीला तोच घालणार आहे.

सोलापुरात कुणी सिद्धेश्वरकडे पहाटे येत असेल तर सांगा, सोबत होईल. उद्या आमच्याकडे पाणी आहे, त्यामुळे उद्या संध्याकाळी साडेसहाला निघू.