मदत हवी आहे: कार्बोमरचं जेल पातळ होतंय

वेंगुर्ल्याजवळ आम्ही चौघी कोरफडीचं जेल करून बघतोय. विक्री अजून नाही, लायसन्सशिवाय करणारही नाही.

कार्बोमर ९४० (पाण्याचं जेल करणारी पॉलिमरची पूड), अर्धा टक्का. पाण्यावर चाळणीने भुरभुरवून रात्रभर भिजवते, गुठळ्या राहत नाहीत. ट्रायइथेनॉलअमाइनच्या (आंबटपणा मारणारं अल्कली द्रव) थेंबांनी पीएच ६.५ वर आणला की चमचा उभा राहील इतकं घट्ट. पण कोरफडीचा ताजा गर १० टक्के घातला की पाच मिनिटांत ताक! पीएच पुन्हा मोजला, ६.४. म्हणजे आंबटपणाचा दोष नाही. प्रिझर्वेटिव्ह घालायच्या आधीच हे होतं, आणि ढवळते हातानेच.

आधी विहिरीचं पाणी वापरलं होतं. खाडीकाठची विहीर, एप्रिलनंतर मचूळ. त्यात जेल धरलंच नाही. क्षारांनी हे पॉलिमर बसतं ते तेव्हा कळलं. आता डिस्टिल्ड वापरते, म्हणजे क्षार गरातलेच असणार. कार्बोमर १ टक्का केलं तर टिकतं, पण अंगाला चिकचिकतं. आपल्या घामात तर विचारूच नका. झँथन गम (घट्ट करणारा दुसरा डिंक) नको, शेंबडासारखं होतं.

दुसरी शंका: ९४० बनवताना द्रावक म्हणून बेन्झीन (कर्करोगकारक) वापरतात, ९८० ला (कार्बोमरचाच दुसरा प्रकार) इथाइल ॲसिटेट आणि सायक्लोहेक्झेन. आमचं ९४० म्हणून घेतलेलं, पण पुड्यावर नुसतं 'कार्बोमर' आणि वजन. दुकानदार म्हणतो, "सगळं एकच हो ताई."

तर क्षार सोसणारं, पाव किलोत मिळणारं पॉलिमर कुठलं? आणि उरलेल्या बेन्झीनचा आकडा दिसेल असा नेमका कुठला कागद पुरवठादाराकडे मागायचा?