डान्स म्युझिकला दिवसाचा रेडिओ हवाच कशाला?

ठेकेदार
तीसेक वर्षं हाउस आणि टेक्नो, म्हणजे क्लबातलं यांत्रिक ठेक्यावरचं नाचाचं संगीत, ऐकतोय. "मोठ्या रेडिओ स्टेशनवर आपलं संगीत दिवसाढवळ्या का वाजत नाही" हे रडगाणं मीही वर्षानुवर्षं गायलं. आता वाटतं, न वाजलेलंच बरं.

क्लबसाठी केलेल्या एखाद्या ट्रॅकची सुरुवात ऐका. आधी नुसती किक (ड्रमचा जड ठोका), मग हाय-हॅट (झांजेची टिकटिक), मग हळूच पर्कशनचा एखादा तुकडा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे ३२ गट, म्हणजे १२८ ठोके, म्हणजे बरोबर एक मिनिट. आधीच्या ट्रॅकमध्ये नवा ट्रॅक बेमालूम मिसळायला डीजेला दिलेलं हे मिनिट. रेडिओची कात्री पहिली चालते ती याच्यावर. मग शेवटचं तसलंच मिनिट जातं, मधला ब्रेकडाउन, म्हणजे ठेका थांबतो तो भाग, अर्ध्यावर येतो. सात-आठ मिनिटांतली साडेतीन उरतात: मुखडा आणि एक ड्रॉप (ठेका पुन्हा कोसळतो तो क्षण). ताटकळत ठेवण्यातच ज्याची सगळी मजा, त्यातलं ताटकळणंच काढून टाकायचं आणि वर म्हणायचं, बघा, तुमचं संगीत आम्ही वाजवतो!

रात्रीची गोष्ट वेगळी. बीबीसी रेडिओ वनवर ऑक्टोबर १९९३ मध्ये पीट टाँगनं 'इसेन्शियल मिक्स' सुरू केला. रात्री उशिरा, दोन तास, सलग मिक्स. त्याच्या कॅसेटच्या कॅसेटच्या कॅसेट आमच्यापर्यंत यायच्या, आणि "चाळिसाव्या मिनिटाला तो ट्रॅक कुठला" यावर आठवडा जायचा. डेट्रॉइटमध्ये 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा निवेदक रात्री जर्मनीचा इलेक्ट्रॉनिक बँड क्राफ्टवर्क, प्रिन्स आणि फंक एकाच पंगतीला बसवायचा. ते ऐकणाऱ्या पोरांत हुआन अ‍ॅटकिन्स आणि डेरिक मे होते. टेक्नो तिथून आलं. त्या मोजोला दुपारी दोनचा कार्यक्रम आणि वरून ठरलेली गाण्यांची यादी दिली असती तर?

रात्रपाळी
साफ असहमत. रात्रीची जागा आपण निवडल्यासारखं काय बोलताय?

जुलै १९७८. न्यूयॉर्कचं डब्ल्यूकेटीयू हे मवाळ रॉक वाजवणारं स्टेशन एका दिवसात पूर्ण डिस्कोवर गेलं आणि काही महिन्यांत डब्ल्यूएबीसी या बड्या स्टेशनला मागे टाकून शहरात पहिलं आलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ डिस्को. लोकांना नको होतं असं कुणी म्हणू नये.

मग १२ जुलै १९७९. शिकागोच्या कोमिस्की पार्कात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डांनी भरलेली पेटी स्फोटानं उडवली. ही कल्पना एका रेडिओ निवेदकाची, स्टीव्ह डालची. त्याचं आधीचं स्टेशन डिस्कोकडे वळलं तेव्हा त्याची नोकरी गेली होती. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. पुढे स्टेशनांनी डिस्को पटापट टाकून दिलं. हे संगीत कुणाचं होतं? कृष्णवर्णीयांचं, लॅटिनोंचं, समलिंगींचं. ज्यांना दारातून हाकललं त्यांनी अंगणातलं चांदणं किती छान म्हणायचं?

ठेकेदार
डब्ल्यूकेटीयूचा मुद्दा मान्य. पण दिवसाच्या रेडिओनं जवळ केल्यावर काय होतं तेही बघा. २००९ मध्ये फ्रेंच डीजे डेव्हिड गेटानं निर्मिती केलेलं ब्लॅक आइड पीजचं 'आय गॉट्टा फीलिंग' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिलं होतं. पुढची चार वर्षं जो तो पॉप गायक त्याच सिंथला (सिंथेसायझरच्या सुरावटीला) लटकलेला. एक सुरू कुठे होतं आणि दुसरं संपतं कुठे, कळायचं नाही. (मिक्स करायला सोपं, एवढंच काय ते.)

आणि हाकलल्यानंतरच तर शिकागोत वेअरहाउस क्लबभोवती, तिथला डीजे फ्रँकी नकल्सच्या हातून हाउस आकाराला आलं.

रात्रपाळी
म्हणजे स्टीव्ह डालचे आभार मानायचे का आता? वेअरहाउस १९७७ पासून चालू होतं हो. स्फोटाच्या आधीपासून.

अँटेना
तुम्ही दोघंही परवान्याच्या स्टेशनांबद्दल भांडताय. लंडनमध्ये खरं काम चोरट्या स्टेशनांनी केलं. उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावायची, अधिकारी ती उतरवून न्यायचे, आठवड्यात दुसरी उभी. किस एफएम १९८५ पासून असंच चालायचं, १९९० मध्ये परवाना मिळाला. रिन्स १९९४ ला सुरू झालं, त्याला परवाना मिळायला २०१० उजाडलं. आपलं स्टेशन काढा, दुसऱ्याच्या दारात दिवस-रात्र कशाला मोजायची?

रात्रपाळी
आणि परवाना मिळाल्यावर किस हळूहळू पॉपकडे सरकलं, ते राहिलं सांगायचं.

मुखडा
एवढी चर्चा झाली, पण रेडिओ एडिटची, म्हणजे रेडिओसाठी कापलेल्या ट्रॅकची, बाजू कुणीच घेतली नाही, म्हणून मी घेते.

गायिका रॉबिन एसचं 'शो मी लव्ह' १९९० मध्ये आलं तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. मग स्वीडनच्या स्टोनब्रिज या निर्मात्यानं ते नव्यानं बांधलं, कॉर्ग एम-वन सिंथवरचा तो ऑर्गन खाली आणला आणि १९९३ मध्ये ते ब्रिटन-अमेरिकेत वरच्या दहांत गेलं. क्लबमध्ये न जाणाऱ्यांपर्यंत ते दिवसाच्या रेडिओवरूनच पोचलं, तेही कापलेलं. बियॉन्सेच्या २०२२ च्या 'ब्रेक माय सोल'मध्ये त्याची सावली लगेच ओळखू येते ती त्यामुळेच.

आणि खरं सांगू? आठ मिनिटांच्या कित्येक ट्रॅकमधली चार मिनिटं निव्वळ डीजेची सोय असते. घरी बसून ऐकणाऱ्यानं ती का सोसायची? चांगला एडिट करणारा कुठला आठ बारांचा तुकडा राहिला पाहिजे हे कानानं ठरवतो. तीही कारागिरीच.

सगळ्यात मोठं म्हणजे, रात्री दोनला जागणं सगळ्यांना परवडत नाही. तेरा वर्षांची मुलगी क्लबात जाऊ शकत नाही. घरात आजारी माणूस असलेली बाई जाऊ शकत नाही. त्यांच्याकडे कामाच्या वेळी लावलेला रेडिओच असतो. तुमचं "रात्रच बरी" हे ज्याला रात्र मोकळी मिळते त्याचं मत आहे.

ठेकेदार, तुम्ही स्वतः पहिला हाउस ट्रॅक कुठे ऐकलात?

ठेकेदार
इथे पकडलंत.

रेडिओवर. दुपारी. निवेदकानं शेवटचा ठोका पडायच्या आत बोलायला सुरुवात केली आणि नाव न सांगताच जाहिराती लावल्या. नाव कळायला वर्ष गेलं, अख्खा ट्रॅक हाती लागायला आणखी एक. पहिल्यांदा ते सुरुवातीचं मिनिट ऐकलं तेव्हा चक्क राग आला होता, की हे माझ्यापासून लपवलं. तो राग अजून गेलेला नाही. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलीचा मुद्दा मान्य, कात्रीचा नाही.

रात्रपाळी
ट्रॅक कुठला ते सांगायचं सोयीस्कर विसरलात.

ठेकेदार
'शो मी लव्ह.' हसा आता.