कावळ्याशी ओळख : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

चिऊताईच्या गोष्टीत कावळ्याचं घर शेणाचं, पहिल्याच पावसात वाहून जाणारं. या गोष्टीनं कावळ्यावर अन्याय केलाय असं मला नेहमी वाटतं. त्याचं खरं घर काटक्यांचं, मुळ्यांचं, हल्ली तारेच्या तुकड्यांचंही असतं आणि वळवाच्या वाऱ्यालाही तग धरतं. म्हणून हा धागा. कावळ्याला काही करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल ते लिहा, पाचवी ते आठवीच्या मुलांना वाचता येईल असं. राखाडी मानेचा गावकावळा होता की जाड चोचीचा काळाकुट्ट डोमकावळा, तेही सांगा.

सांगली, खणभाग (इयत्ता सातवी)
आमच्या गच्चीवर आजी मातीच्या परळात पाणी ठेवते. सकाळी एक गावकावळा वाळकी भाकरी चोचीत धरून येतो. आधी ती काठावर ठेवतो, इकडंतिकडं बघतो, मग पाण्यात सोडतो. लगेच खात नाही. जरा वेळानं चोचीनं दाबून बघतो आणि कडक लागली तर परत बुडवतो. मऊ झाली की पायाखाली धरून तुकडे तोडतो. एकदा उरलेला तुकडा त्यानं कौलाच्या फटीत कोंबला आणि वर पिंपळाचं वाळलेलं पान ठेवलं. दादाला खरं वाटेना, म्हणून त्याला वर बोलावून दाखवलं.

> पान ठेवलेलं टिपलंस हे फार छान! कावळ्याच्या कुळातले काही पक्षी तर अन्न लपवताना दुसऱ्यानं पाहिलं, तर नंतर एकटे असताना येऊन जागा बदलतात. म्हणजे समोरच्याला काय माहीत झालंय, याचा अंदाज ते घेत असावेत.

वाळवा तालुका, ऊस शेतकरी
खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा आलेलं पीक, मोडून नांगरट लागली की ट्रॅक्टरच्या आवाजावर बगळे आणि कावळे गोळा होतात. बगळे नांगरामागनं चालत राहतात. कावळ्याची तऱ्हा वेगळी. एखाददुसरा बांधावरच्या बाभळीवर बसून राहतो, बाकीचे खाली उतरतात. वरचा ओरडला की सगळे एकदम उडतात. बघावं तर कुत्रं आलेलं असतं, नाहीतर शिक्रा हा शिकारी पक्षी. मुलांसाठी सांगतो, हुमणी म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी पांढरी, जाड, वाकडी अळी. जमिनीत असते तोवर दिसत नाही, ऊस पिवळा पडून वाळायला लागला की कळतं. नांगरानं ती वर आली की कावळा मातीतनं नेमकी उचलतो. आमच्या वडिलांनी रानात कावळ्यावर कधी गोफण चालवू दिली नाही.

मिरज, नोकरदार
मे महिन्यात वादळ झालं आणि आमच्या इमारतीसमोरच्या गुलमोहराखाली गावकावळ्याचं पिल्लू पडलं. कुत्री फिरत होती, म्हणून उचलून फांदीवर ठेवलं. तेवढ्यात आईबाप डोक्यावर आले. दुसऱ्या दिवसापासून मी खाली उतरलो की माझ्याच टाळूवर झडप! बाजूनं शेजारी जायचे, दूधवाला जायचा, त्यांना काही नाही. पुढं एक गोष्ट लक्षात आली. हेल्मेट घालून जिना उतरलो की ते गप्प, गाडीपाशी हेल्मेट काढलं की लगेच कालवा. पिल्लू उडायला लागल्यावर झडप थांबली, पण मला बघून ओरडणं पुढंही चालूच होतं.

> तुमच्या हेल्मेटवरून अमेरिकेतल्या सिएटल शहरातला प्रयोग आठवला. 2006 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा कुणीही घातला तरी कावळे त्याच्यावर ओरडायचे. दुसरा मुखवटा घातलेल्या माणसाला त्रास नसे. पुढची काही वर्षं हे चाललं आणि ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. जे कधी पकडलेच गेले नव्हते, तेही इतरांचं बघून शिकले होते. ते अमेरिकी कावळे, आपले वेगळ्या जातीचे. तरी मिरजेच्या जोडप्यानं तुमचा चेहरा पाठ केला होता, याबद्दल मला शंका नाही.

कोरेगाव (इयत्ता पाचवी)
कावळ्याला मोजता येतं का?

> जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये दाखवलं, की शिकवल्यावर कावळे खुणेनुसार एक ते चार वेळा ठरवून आवाज काढू शकतात. तुझ्या दारातला किती मोजतो ते तू बघ आणि कळव.

सातारा, आजी
बाळांनो, संगम माहुलीला दहाव्याच्या विधीला मी बऱ्याचदा गेले आहे. लोक पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, ताटकळतात. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं म्हणतात, आणि माझी त्यावर श्रद्धा आहे. पण कावळ्याचं वागणंही मी बघत आले. माणसं अगदी जवळ उभी असली, कुणी हातवारे करून बोलावत असलं, तर तो झाडावरूनच मान वाकडी करून बघत राहतो. सगळे मागं सरले की आधी एकजण उतरतो, बाजूबाजूनं उड्या मारत जातो, पटकन चोच मारून मागं होतो. त्याला काही झालं नाही असं दिसलं की बाकीचे येतात. घरच्यांना मी हलक्या आवाजात सांगते, जरा लांब व्हा.

कराड, कॉलेज विद्यार्थिनी
प्रीतिसंगमाजवळच्या झाडावर एक कोकीळ घरट्याच्या अगदी जवळ येऊन ओरडत होता. कावळ्याची जोडी चिडून त्याच्यामागं लागली. तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची मादी पानांतून घरट्याकडं सरकली आणि लगेच बाहेर आली. आत काय झालं ते मला दिसलं नाही. पण पुढं त्याच झाडाखाली, शेपटी लांब आणि लाल तोंड उघडलेलं एक पिल्लू कावळीकडून घास घेत होतं.

> आत काय झालं असेल ते पिल्लानंच सांगितलं, कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडं घातलं असणार! चेहरे लक्षात ठेवणारा कावळा इथं मात्र परक्याला आपलं मानून वाढवतो. अंडी मिळतीजुळती असतात आणि तोंड उघडून मागणाऱ्या पिल्लाला भरवायचं, ही ओढ फार जबर असते. कोकिळेचं पिल्लू कधी कधी कावळ्याच्या पिल्लांबरोबरच मोठं होतं.

घरटी बांधायचा हंगाम आता येतोय. कावळ्यानं तार कुठून उचलली, कोणत्या झाडावर नेली, काडी बसेना तेव्हा काय केलं, असे अनुभव अजून एकानंही दिलेले नाहीत. मुलांनो, झाडावर चढू नका, खिडकीतून किंवा गच्चीवरून बघा. गच्चीवर टोपी घाला आणि जमलं तर रोज तीच घाला. एखाद्या दिवशी बदलून बघाल, तेव्हा कावळे काय करतात तेही लिहा.