मदत हवी आहे: बीमची रिअॅक्शन जुळत नाही (पुस्तक ११.२९, माझं १३.७७)

विश्रामबाग_एफवाय
उद्या सकाळी सबमिशन आहे, लवकर सांगा. ६ मीटरचा आडवा बीम, ए टोकाला हिंज (फिरू देतो, सरकू देत नाही), बी टोकाला रोलर (सरकू देतो). ए पासून ३ मीटरपर्यंत ४ केएन (किलोन्यूटन) प्रति मीटर यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला लोड. ए पासून ४ मीटरवर १० केएनचा तिरका लोड, ६० अंश. ५ मीटरवर ६ केएन-मीटरचं कपल (नुसतं फिरवणारी बलांची जोडी). बी ची रिअॅक्शन (आधार बीमला परत देतो ते बल) काढायची आहे. परत परत केलं, तेच येतंय. थिअरी नको, चूक कुठे आहे तेवढंच सांगा.

पोवईनाका
६० अंश कशाशी? आडव्याशी की उभ्याशी? बाण डावीकडे की उजवीकडे? कपल क्लॉकवाइज की अँटी? आकृतीचा फोटो टाक.

हळदबाजार
कॅल्क्युलेटर रेडियनवर असणार, दुसरं काय. साइन ६० दाबून बघ. ०.८६६ आलं तर डिग्री. उणे ०.३०४८ आलं तर रेडियन.

विश्रामबाग_एफवाय
डिग्रीवरच आहे. फोटो अपलोड होत नाहीये. ६० आडव्याशी, बाण खाली आणि डावीकडे. कपल क्लॉकवाइज. बाकी सगळं वर लिहिलंय.

पोवईनाका
तुझी चूक तुझ्याच उत्तरात दिसते. १३.७७ गुणिले ६ म्हणजे ८२.६४. यूडीएल एकूण ४ × ३ = १२, त्याचा ए भोवतीचा मोमेंट (बल गुणिले अंतर) १२ × १.५ = १८. तिरक्या लोडचा उभा भाग १० साइन ६० = ८.६६, त्याचा मोमेंट ८.६६ × ४ = ३४.६४. बेरीज ५२.६४. मग ८२.६४ मधले उरलेले ३० कुठून आले? ६ × ५. तू कपलला अंतराने गुणलंस. कपल म्हणजे मोमेंटच, तो बीमवर कुठेही असला तरी ६ च धरायचा. ५ मीटर हे अंतर बेंडिंग मोमेंट डायग्राम (बीम कुठे किती वाकवला जातो त्याची आकृती) काढताना लागतं, रिअॅक्शनला नाही.

विश्रामबाग_एफवाय
मग ५८.६४ भागिले ६ = ९.७७. हेही ११.२९ नाही. 🙄

हळदबाजार
मग पुस्तकातलं उत्तर चुकलंय. छापील उत्तरं चुकतात, विशेषतः तिरक्या लोडच्या गणितात. ९.७७ लिही आणि झोप भावा.

टीस्क्वेअर
हे सगळं ग्राफिकलने, म्हणजे मापात आकृती काढून, दोन रेघांत सुटतं. आजकालची पोरं टी-स्क्वेअर बाजूला ठेवून नुसती समीकरणं मांडतात आणि मग साइन-कॉसमध्ये अडकतात. लोडची रिझल्टंट (सगळ्यांचं मिळून एक बल) काढ, बी च्या रिअॅक्शनची रेघ ओढ, जिथे छेदतील तिथून ए ला जोड. तीन बलं एका बिंदूतून गेलीच पाहिजेत.

पोवईनाका
कपल आहे त्यात. कागदावर कपल कसं ओढणार?

टीस्क्वेअर
रिझल्टंट सरकवून. ५२.६४ ला उभ्या बेरजेने, म्हणजे २०.६६ ने भागलं की रिझल्टंट ए पासून २.५५ मीटरवर बीमला छेदते. कपल ६, भागिले २०.६६ = ०.२९ मीटर. क्लॉकवाइज असल्यामुळे उजवीकडे सरकव, २.८४ मीटर. तिथून पुढे पट्टी आणि कंपास.

पोवईनाका
म्हणजे आधी मोमेंटचं समीकरण मांडायचंच, आणि वर पट्टीही धरायची. १ सेंटिमीटरला अर्धा मीटर असं स्केल घेतलं तर पेन्सिलची १ मिलिमीटरची चूक म्हणजे ५ सेंटिमीटर. उत्तर दोन दशांशांपर्यंत जुळवायचं असेल तर त्यात काय राम आहे?

कृष्णाकाठ
भांडण जरा बाजूला ठेवा. @हळदबाजार, उत्तर छापताना चुकलं असतं तर आकडा कसाही आला असता. ११.२९ भागिले ९.७७ करून बघा. १.१५५. ते १ भागिले कॉस ३०. योगायोग नाही. कोन उभ्याशी धरला तर ७.३३ येतं, कपल उलटं धरलं तर ७.७७, म्हणजे त्या वाटेनेही ११.२९ कडे जाता येत नाही. एकच शक्यता उरते: रोलर सपाट जमिनीवर नाही, ३० अंशांच्या उतारावर आहे. @विश्रामबाग_एफवाय, आकृतीत रोलरच्या खाली नीट बघ.

विश्रामबाग_एफवाय
हो, खाली तिरकी रेघ आहे, शेजारी ३० लिहिलंय. पण रोलर म्हणजे उभी रिअॅक्शन असंच शिकवलंय ना? जमिनीची रेघ पण सांगायची असते का?

कृष्णाकाठ
तीच तर सांगायची असते. रोलरची रिअॅक्शन ज्या पृष्ठभागावर तो टेकलाय त्याला काटकोनात असते. जमीन आडवी म्हणून रिअॅक्शन उभी, एवढंच. उतार आडव्याशी ३० असेल तर रिअॅक्शन उभ्याशी ३०. आर-बी (बी ची रिअॅक्शन) चा उभा भाग आर-बी कॉस ३०. त्याचा आडवा भाग बीमच्या रेषेतून ए मधूनच जातो, म्हणून ए भोवती त्याचा मोमेंट शून्य. तेव्हा
आर-बी × ०.८६६ × ६ = ५८.६४
आर-बी = ११.२९.
आता उतार कुठल्या बाजूला चढतो ते सांग, नाहीतर ए च्या रिअॅक्शनला परत अडकशील.

सज्जनगड_सिव्हिल
यावरून आठवलं, शिअर फोर्स (बीमला कापू बघणारं बल) डायग्राम काढताना यूडीएलखाली तिरकी सरळ रेघ आणि बेंडिंगला पॅराबोला येतो. ५ मीटरवर बेंडिंगला ६ ची उडी दिसली पाहिजे, शिअरला नाही. पुष्कळ जण शिअरलाही उडी दाखवतात.

पोवईनाका
बरोबर आहे, पण विचारलंय कोणी?

विश्रामबाग_एफवाय
उतार उजवीकडे चढतो. ए ची पण काढायची आहे, ते लिहायचं राहिलं.

कृष्णाकाठ
मग आर-बी वर आणि डावीकडे. आडवा भाग ११.२९ × साइन ३० = ५.६४, डावीकडे. लोडचा आडवा भाग १० कॉस ६० = ५, तोही डावीकडे. दोन्ही एकाच दिशेचे, म्हणून ए ला आडवं १०.६४ उजवीकडे. हे वजा करणारे पुष्कळ निघतात आणि ०.६४ घेऊन बसतात. उभं: १२ + ८.६६ − ९.७७ = १०.८९ वर. आर-ए = १५.२२ केएन, आडव्याशी ४५.६५ अंश. तपासायचं तर बी भोवती मोमेंट घे: १०.८९ × ६ + ६ एका बाजूला, १२ × ४.५ + ८.६६ × २ दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे ७१.३ आलं पाहिजे. या ताळ्यात आडवी बलं येत नाहीत, त्यांच्या चिन्हाची चूक यात पकडली जाणार नाही, ती वेगळी बघ.

हळदबाजार
खऱ्या कामात उतारावर रोलर कोण ठेवतं? आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाला आहे का एक तरी रोलर?

सज्जनगड_सिव्हिल
आयर्विन १९२९ चा, दगडी कमानींचा. कमानीला रोलर दिला तर कमानच पसरेल, तिचा आडवा रेटा पिलर आणि अॅबटमेंटनी (टोकाच्या आधारांनी) घ्यायचा असतो. शिवाय दोन्ही टोकं पक्की असलेल्या कमानीला सहा रिअॅक्शन आणि समीकरणं तीनच, स्टॅटिक्सच्या पेपरात ती येणारच नाही. रोलर-रॉकर बेअरिंग बघायचं तर जुन्या लोखंडी गर्डरच्या पुलाखाली बघा. नवीन पुलांना बऱ्याचदा रबराचे पॅड असतात.

विश्रामबाग_एफवाय
१५.२२ जुळलं. एफबीडीत (फ्री बॉडी डायग्राममध्ये) रोलर काढायचा की नुसता बाण?

पोवईनाका
नुसता बाण. सपोर्ट काढून टाकला म्हणूनच त्याला फ्री बॉडी म्हणतात. बी ला बाण ओढ, उभ्याशी ३० लिही. ए ला दोन बाण, आडवा आणि उभा. ४५.६५ चा एकच बाण सुरुवातीलाच ओढू नकोस, ते उत्तर आहे. यूडीएलच्या जागी १.५ मीटरवर १२ दाखव. मूळ यूडीएल आणि १२ दोन्ही एकाच आकृतीत ठेवलेस तर लोड दोनदा मोजला जातो, त्याचे मार्क जातात.

टीस्क्वेअर
आता ऐका. बीमवर २.८४ मीटरवरून रिझल्टंटची रेघ वर वाढवली, आणि बी मधून उभ्याशी ३० ची डावीकडे झुकलेली रेघ ओढली, की दोन्ही ए पासून ३.७७ मीटर उजवीकडे आणि ३.८६ मीटर वर छेदतात. तिथून ए ला जोडा, कोनमापक लावा. पंचेचाळीसच्या किंचित वर. आडवी ५ आणि ५.६४ मिळवायची की वजा करायची हा प्रश्नच येत नाही, रेघ आपोआप सांगते.

पोवईनाका
आणि ते ३.७७ पट्टीने मोजलंत की समीकरणाने काढलंत?

टीस्क्वेअर
दोन्ही. पण पट्टीने आधी.