ख्रिस्ती कादंबरीत किती उघडं लिहावं?

कोरा_कागद
आमच्या मंडळीच्या वाचनालयात इंग्रजी ख्रिस्ती कादंबऱ्यांचं एक कपाट आहे. त्यातली फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' फार उघडं लिहिलंय या तक्रारीवरून काढली गेली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बायबलमधला होशेय संदेष्टा वेश्येशी लग्न करतो आणि ती भरकटली तरी तिला परत आणतो, ती गोष्ट १८५० च्या सुमाराच्या कॅलिफोर्नियात, सोनं शोधणाऱ्यांच्या गर्दीत नेऊन बसवली आहे. नायिका लहानपणीच धंद्याला विकली गेलेली. १९९१ मध्ये बँटम या सर्वसाधारण प्रकाशकाने छापली, १९९७ मध्ये मल्टनोमा या ख्रिस्ती प्रकाशनाने सुधारून काढली, २०२२ मध्ये सिनेमाही आला.

पुस्तक काही थोर नाही. पाल्हाळ आहे आणि नायक इतका सद्गुणी की कधीकधी वैताग येतो. पण काढण्याचं कारण मला पटलेलं नाही. त्याच कपाटात युगान्ताच्या कादंबऱ्या आहेत, त्यांत शहरंच्या शहरं बेचिराख होतात. त्यावर कुणी हूं की चूं करत नाही. आणि शिवी? 'त्याने एक शिवी हासडली' एवढं लिहून लेखक मोकळा. दरोडेखोरही आत्ताच उपासनेहून आल्यासारखा बोलतो! जिला विकलं ती कशातून गेली हेच वाचकाला कळू द्यायचं नसेल, तर तिची सुटका म्हणजे नुसता गोड शेवट उरतो.

मार्थाची_बहीण
दादा, कुंटणखाना दाखवला म्हणून माझी तक्रार नाही. उलट तो भाग लेखिकेने बराच सांभाळून लिहिलाय. खटकतात ते नंतरचे नवराबायकोचे प्रसंग. तिथे ती रेंगाळते, आणि ते रेंगाळणं कथेसाठी नसून वाचकाला गुदगुल्या करायला आहे असं माझं मत.

दुसरं, 'ख्रिस्ती' हा शिक्का म्हणजे पालकांना दिलेला शब्द असतो. अमेरिकेत लोक ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात जातात ते पानं न चाळता पुस्तक मुलीच्या हातात देता यावं म्हणून. सिनेमाला तिथे पीजी-१३ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांच्या पालकांनी जपून. पुस्तकावर असलं काहीच नसतं, नुसतं सुंदर मुखपृष्ठ.

नगरचा_वाचक
मग पवित्र शास्त्रही कपाटातून काढा की! शास्ते १९ मध्ये उपपत्नीची काय गत होते ते वाचा. उत्पत्ती ३८ मध्ये यहूदा आणि त्याची सून तामार यांचा संबंध. गीतरत्न या शृंगारिक प्रेमकाव्यावर तर पाळकसाहेब लग्नाखेरीज बोलतच नाहीत. शब्बाथ शाळेत दावीद आणि गल्याथ शिकवायचा, त्याच दाविदाने दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबेशी, संबंध ठेवला तिथे पानं उलटायची. हे किती दिवस चालणार?

मार्थाची_बहीण
शास्त्राचं नाव काढलंतच, तर २ शमुवेल १३ सावकाश वाचा. ही दुसरी तामार, दाविदाची मुलगी. तिचा सावत्रभाऊ अम्नोन आजारपणाचं सोंग घेतो. ती त्याच्या डोळ्यांदेखत पीठ मळते, पोळ्या भाजते, पुढ्यात वाढते. तो सगळ्यांना बाहेर घालवतो. ती विनवते, मी माझी बेअब्रू घेऊन कुठे जाऊ असं विचारते. प्रत्यक्ष अत्याचाराला किती जागा? एक वचन, तेही अर्धं. त्यानंतर लगेच त्याला तिचा तिटकारा येतो, चाकर तिला बाहेर काढून दाराला अडसर घालतो, ती शोकाने डोक्यावर राख टाकून रडत जाते. एकही अवयव वर्णन केलेला नाही आणि तरी अंगावर काटा येतो. माझं म्हणणं एवढंच, की प्रौढ विषय टाळू नका, पण लिहायचं कसं ते इथून शिका.

नगरचा_वाचक
ताई, तुम्ही सोयीचा अध्याय निवडलात. यहेज्केल २३ चं विसावं वचन, त्यात वासनेचं उघडंवाघडं वर्णन आहे, ते मंडळीसमोर मोठ्याने वाचून दाखवा, मग बोलू.

मार्थाची_बहीण
नाही वाचणार. पण तिथे संदेष्ट्याला किळस आणायची आहे, चाळवायचं नाही. वाचून कुणाला मोह होईल असं तुम्हाला खरंच वाटतं?

उत्तरवसईकर
तुम्ही दोघंही पलंगाभोवतीच फिरताय. आम्हा कॅथलिकांकडे वाद वेगळ्याच गोष्टीवरून पेटला होता. ग्रॅहम ग्रीनची 'द पॉवर अँड द ग्लोरी', १९४०. मेक्सिकोत धर्माचा छळ चाललेला, आणि जीव मुठीत धरून मिस्सा (कॅथलिक उपासना) करत फिरणारा फादर दारुडा, एका मुलीचा बाप. उघडी वर्णनं जवळजवळ नाहीतच, तरी श्रद्धेच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या व्हॅटिकनच्या 'होली ऑफिस' या खात्याने नापसंती कळवली आणि बदल सुचवले. ग्रीनने हक्क प्रकाशकांकडे आहेत असं सांगत नम्रपणे हात वर केले! पुढे १९६५ मध्ये पोप सहावे पॉल भेटले, तर तिकडे लक्ष देऊ नका असं त्यांनीच सांगितलं.

मला विचाराल तर धर्मगुरूची हार आणि श्रद्धावंताची शंका हाच खरा 'प्रौढ मजकूर'. तो सोसत नाही म्हणून आपण शिव्या मोजत बसतो.

आणि आपल्या घरचं बघा. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७. विधवांचं केशवपन, त्यांचे हाल, हे सगळं त्या काळात छापलं, तेही धर्मप्रसाराच्या हेतूने. आजच्या वाचनालय समितीने हस्तलिखित तपासलं असतं तर काय काय गाळलं असतं?

मार्थाची_बहीण
पदमनजींनी काही गाळावं असं मी म्हटलेलं नाही. ते प्रसंगात रेंगाळत नाहीत. तुमचा फादर तर मला मान्यच आहे, कपाटात ठेवा.

कोरा_कागद
वसईकर, ग्रीन आमच्या कपाटात ठेवला तर आधी तो कॅथलिक म्हणून वाद होईल, दारूचा नंबर नंतर. ताईंचा तामारेचा मुद्दा पटला, रेंगाळण्याचा अर्धाच. नवराबायकोचं प्रेम दाखवायला काय हरकत? जिला पुरुषाचा स्पर्श म्हणजे फक्त व्यवहार माहीत होता, तिचं बदलणं तिथेच तर दिसतं. असो. मंडळीच्या सभेत मी सुचवणार आहे की पुस्तक परत आणा, मोठ्यांच्या कप्प्यात ठेवा आणि आतल्या पानावर दोन ओळी चिकटवा: बालशोषणाचा विषय आहे, शरीरसंबंधांचे प्रसंग आहेत.

मार्थाची_बहीण
चालेल. फक्त त्या दोन ओळी पुस्तक वाचलेल्या माणसाने लिहाव्यात. तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते उघडलेलं नाही, आणि पाळकसाहेबांनीही नाही.