फाशीच्या पुस्तिकेवर गळफास छापायचा का नाही?

शाईवाला: कोल्हापुरात शाहूपुरीत डीटीपी करतो. एका संस्थेची मराठी पुस्तिका हातात आलीय, फाशीचे कैदी आणि मानसिक आजार यावर. 64 पानं. आधार दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट 39ए' या फाशीवर संशोधन करणाऱ्या गटाच्या 2021 च्या अहवालाचा. त्यांनी फाशीच्या 88 कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. 62 टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला. संस्थेला मुखपृष्ठावर लाल गळफास पाहिजे. मी नाही म्हटलं. फास बघितला की वाचणारा आत शिरायच्या आधीच बाजू घेतो. मातकट कव्हर, वर नुसतं नाव. चुकलं का?

रंकाळ्याचा_वारा: फास नको तर काय, मोरपीस? गावित बहिणी विसरलास काय भावा? बारकी पोरं पळवून मारली. 2001 ला इथल्याच सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. त्या पोरांच्या आयांच्या मनाचा अहवाल कोण छापतंय?

शाईवाला: कोणी छापत नाही, हे खरंच. ते काम आलं तर पैसे न घेता करीन. पण म्हणून हे पान कोरं ठेवायचं?

काळा_कोट: गावित प्रकरण यात मिसळू नका. 2022 च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं त्यांची फाशी जन्मठेपेवर आणली ती दयेच्या अर्जाला लावलेल्या उशिरामुळं, मानसिक आजारामुळं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात फाशी कमी करायला ही दोन्ही कारणं ग्राह्य धरलीत, पण वेगवेगळी.
आणि शाईवाले, आत कैद्यांचे फोटो असतील तर आधी काढा. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयानं मानसिक आजारामुळं रद्द केली. निकालात त्याचं नावसुद्धा नाही, 'आरोपी एक्स' एवढंच.

शाईवाला: आहेत ना दोन फोटो, खऱ्या नावासकट! आजच काढतो. आकड्यासाठी शंभर माणसांची चित्रं टाकलीत, 62 काळी.

रंकाळ्याचा_वारा: मुलाखती 88 आणि माणसं शंभर? बाकीची बारा तू आणलीस का रे?

काळा_कोट: बरोबर पकडलंत. शिवाय तो अभ्यास पाच राज्यांतला, त्यात महाराष्ट्र नाही. 'आपल्या तुरुंगांत' असं कुठं लिहिलं असेल तर खोडा.

शाईवाला: लिहिलंय, पान 3. चित्रं काढून साधा आकडा टाकतो, खाली त्याच टाइपात '88 मुलाखती, पाच राज्यं'. संस्था म्हणणार, जोर गेला.

रंकाळ्याचा_वारा: जाऊ दे की. फाशी पाहिजेच, माझं मत तेच. पण खोटं छापू नकोस.