'म्हातारा' म्हटलं की बिघडतं कुठे?

बोरूबहाद्दर: हल्ली कुणाला म्हातारा म्हणायची सोय राहिली नाही. सगळे 'ज्येष्ठ'. मला हा सोवळेपणा पटत नाही. 'म्हातारा'चं मूळ 'महत्तर', म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रमुख मंडळींना महत्तर म्हटलंय. 'वृद्ध' म्हणजे तर वाढलेला. बाळ जन्मल्यावर घरात जी 'वृद्धी' येते, तीही त्याच धातूची. इतके भरभक्कम शब्द असताना लाजायचं कशाला?

उंबरठा: वाढीचे तेवढेच शब्द वेचून दाखवलेत. जरा, जीर्ण, जर्जर कुठे गेले? ते झिजण्याचेच. आणि ''ए म्हाताऱ्या, सरक'' म्हणणाऱ्याच्या डोक्यात ताम्रपट असतो का? 'म्हातारचळ', 'साठी बुद्धी नाठी' हे आजचं चलन आहे. मूळ अर्थ कोशात राहतो, टोमणा कानात.

बोरूबहाद्दर: ''आमचा म्हातारा अजून खमका आहे'' यात टोमणा कुठे दिसला?

उंबरठा: ते मुलगा म्हणतोय म्हणून. तेच खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला तर?

टिपणवही: कारकुनाला कायद्यानेच शब्द दिलाय. २००७ च्या केंद्रीय कायद्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० किंवा त्याहून अधिक वयाची भारतीय व्यक्ती. ती धडधाकट आहे की अंथरुणाला खिळलेली, याच्याशी त्या व्याख्येला घेणंदेणं नाही. तिथे 'म्हातारा' चालणार नाही, आणि घरात 'आमचे ज्येष्ठ नागरिक जेवले का' असंही कुणी विचारत नाही.

गोंधळ वेगळाच आहे. सेवाज्येष्ठतेत पस्तिशीची बाई पन्नाशीच्या माणसाच्या वर असू शकते. 'ज्येष्ठ कवी' मात्र वयाने की कवितेने, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. (बहुधा वयाने.)

दुरेघी: गंमत म्हणजे पाणिनीच्या व्याकरणात 'ज्येष्ठ' हे 'प्रशस्य' आणि 'वृद्ध' या दोन्हींचं तमवाचक रूप आहे. म्हणजे सर्वांत प्रशंसनीय, किंवा सर्वांत म्हातारा! वृद्ध म्हणायचं टाळून आपण अतिवृद्ध म्हणतोय.

उंबरठा: ऐकणाऱ्याला त्यातला पहिलाच अर्थ पोचतो ना? मग झालं.

बोरूबहाद्दर: आणखी वीस वर्षांनी 'ज्येष्ठ'ही टोमणाच होईल. ''काय ज्येष्ठ, चष्मा विसरलात?'' सुरू झालंय आधीच. तेव्हा काय, नवा शब्द शोधायचा?

उंबरठा: हो, शोधायचा. भाषेचं कामच ते.

रुईची_म्हातारी: माझं नाव बघून घ्या. मी बहात्तरची. 'म्हातारी' खुशाल म्हणा, पण मी प्रश्न विचारल्यावर उत्तर माझ्या मुलाकडे बघून देऊ नका. 'ज्येष्ठ, ज्येष्ठ' म्हणणारेच ते जास्त करतात.

टिपणवही: बरं, 'आजी' चालेल?

रुईची_म्हातारी: तुमचं वय किती?

टिपणवही: अठ्ठावन्न.

रुईची_म्हातारी: मग 'ताई' म्हणा.